उजवीकडचं रोप

मंगळवारी सकाळी तिच्या टेबलावर जो जाड कागदाचा ताव येऊन पडला, त्यात दचकण्यासारखं काहीच नव्हतं. तावावर दोन वाळलेली रोपं दोऱ्याच्या टाक्यांनी बसवलेली, खालच्या कोपऱ्यात टाइप केलेली चिठ्ठी, वरच्या कोपऱ्यात सुटी फळं ठेवायचं घडीचं पाकीट. असे अडीच लाख ताव त्या वनस्पती संग्रहालयाच्या तीन मजल्यांवर लोखंडी कपाटांत निजलेले होते आणि त्यांतल्या हजारभर रोपांची चित्रं तिने गेल्या चौतीस वर्षांत काढली होती. गळ्यात काळ्या दोरीला सदा भिंग लोंबकळत असायचं म्हणून सगळे तिला भिंगबाई म्हणत. नव्याने नोकरीला लागलेल्यांना ते आडनावच वाटे, आणि तिनेही कधी कुणाला दुरुस्त केलं नव्हतं. ताव घेऊन आली होती ती दोन वर्षांपूर्वी लागलेली तरुण संशोधिका. हुशार, तुटक, सतत घाईत असलेली. "भिंगबाई, हे जरा तातडीचं आहे," ती म्हणाली. "पुढच्या शुक्रवारपर्यंत चित्र लागेल. नवी जात आहे. गाजराच्या कुळातली, रानटी, एका हंगामाची. आणि नावही ठरलंय. सरांचं." त्या इमारतीत 'सर' म्हणजे एकच, चोवीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेले माजी संचालक. "चौतीस वर्षं हा ताव नेहमीच्या जातीच्या गठ्ठ्यात पडून होता. पण सर म्हणाले, त्यांना तेव्हापासूनच शंका होती. काय नजर म्हणायची!" भिंगबाई 'हं' म्हणाली आणि तिने दिवा जवळ ओढला.

डावीकडचं रोप ऐन फुलोऱ्यात उपटलेलं होतं. बारीक कातरलेली पानं, अजूनही किंचित हिरवी. देठावर मागे वळलेली राठ लव. टोकाला फुलांच्या छत्र्या, एकेका काडीच्या टोकाला पुन्हा एकेक चिमुकली छत्री. उजवीकडचं रोप मात्र मेल्यावर उपटलेलं. गवतासारखं पिवळं, पान एकही नाही, मूळ सुकून सुतळीसारखं झालेलं, आणि काड्या फळांनी लगडलेल्या. चिठ्ठी दोघांना मिळून एकच. तारीख नऊ एप्रिल. गोळा करणारे: सर. चित्रकाराला अशा वेळी आधी फळ लागतं, कारण या कुळात पानं फसवतात, फुलं तर सगळ्यांचीच सारखी. खरं काय ते पिकलेलं फळ सांगतं. म्हणून तिने चिमट्याने पाकीट उघडलं. फळं बशीत ओतली. पाकिटाचा कागद उलगडून सपाट करताना आतल्या बाजूला पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. मुळ्याचं पान. कच्चं, घाबरत काढलेलं, शिरा देठाशी गचाळ झालेल्या. बाजूला लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: 'रेष जाड. पुन्हा काढ.' त्याखाली सरांची आखूड सही आणि तारीख, बावीस मे. ते मुळ्याचं पान तिचं होतं. ती तेवीस वर्षांची असताना, उमेदवारीच्या तिसऱ्या आठवड्यात काढलेलं. बावीस मेला लाल शेरा पडलेल्या कागदाचं पाकीट नऊ एप्रिलला कसं घडी घातलं गेलं असेल, हा प्रश्न तिला पडायच्या आधीच उत्तर पोटात जाऊन बसलं होतं. असं पाकीट घडी घालणारा माणूस त्या इमारतीत एकच होता. तिचे बाबा.

बाबा तिथले मुख्य माळी. संग्रहालयामागची चार एकरांची बाग त्यांच्या ताब्यात, पण त्यांचा जीव बागेत कमी आणि रानात जास्त. सुट्टीच्या दिवशी खांद्याला पिशवी लावून ते जे निघत ते दुपार कलल्यावर पायमोज्यांना शंभर प्रकारच्या बिया चिकटवून परत येत. मग ओट्यावर बसून एकेक बी सोडवत, आणि तिची टाकलेली चित्रं घेऊन, 'चांगला कागद आहे, वाया कशाला घालवायचा' म्हणत, त्यांची पाकिटं करत. तिला त्याचा राग यायचा. आपलं फसलेलं काम असं घरभर घडी होऊन पडलेलं तिला बघवत नसे. एकदा ती चिडून म्हणाली होती, "बाबा, तुम्हाला दुसरा कागद मिळत नाही का?" तर ते हसून म्हणाले, "यातलं एकेक पान मी बी ठेवताना बघतो. बाकीचे कागद कोरेच असतात." आता तिने बशीतली फळं भिंगाखाली घेतली. तिला फळाकडे बघायची गरजच नव्हती. ते कसं आहे हे तिला चौतीस वर्षं ठाऊक होतं.

शहराबाहेर मालगाड्या लावून ठेवायची एक वापरात नसलेली रेल्वेलाइन होती. खडीत काहीबाही उगवायचं. तिथे एप्रिलमध्ये सर विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते, बाबाही बरोबर होते, आणि सरांनी डावीकडचं रोप उपटून 'नेहमीचंच' म्हणून दाबायच्या फळ्यांत टाकलं. बाबांना मात्र चैन पडेना. छत्रीच्या बुडाशी जी बारीक पानं असायला हवीत ती नाहीत, म्हणाले. म्हणून मग जूनमध्ये, फळं पिकायच्या बेताला, ते एकटेच परत गेले. एका हंगामात उगवून, फुलून, बी टाकून मरणारं ते तण. तोवर सगळं वाळून कोळ झालेलं. घरी येऊन त्यांनी तिला स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बोलावलं आणि भिंग हातात दिलं. हेच भिंग. "बघ," म्हणाले, "प्रत्येक फळाचे दोन अर्धे. बाहेरच्या अर्ध्याला आकडे आहेत, आतल्याला नुसते फोड. नेहमीच्या जातीला दोन्हीकडे आकडे असतात. आणि इथल्या आकड्याचं टोक बघ, नांगरासारखं. चार उलटे दात. म्हणजे बाहेरचा अर्धा कुणाच्या तरी केसाला, कापडाला धरून लांब जाणार आणि आतला अर्धा आईच्या पायाशीच पडणार. एक जाणारं, एक राहणारं. एकाच फळात दोन्ही सोय! कुणी शिकवलं असेल गं याला?" त्यांचा चेहरा असा उजळला होता की तिला संकोच वाटला. मोठ्या माणसांनी इतकं खूश होऊ नये, असं काहीतरी. आई चुलीपाशी म्हणाली, "झालं यांचं सुरू. घरात जिरं संपलंय त्याचं काही नाही, आणि जिऱ्याच्या भाऊबंदांची वंशावळ चाललीय."

दुसऱ्या दिवशी बाबा ते रोप आणि पाकीट घेऊन सरांच्या खोलीत गेले. तिला तिथे बोलावतील असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं. शिपाई येऊन म्हणाला, सरांनी बोलावलंय. आत गेली तर बाबा टेबलासमोर उभे. खुर्ची रिकामी होती तरी उभे. सर हसत होते. वाईट हसत नव्हते, हेच तर वाईट होतं. ते अगदी मायेने हसत होते. "माळीबुवा, रोप लावणं वेगळं आणि रोप ओळखणं वेगळं. तुमच्या हाताला यश आहे, नजरेला नाही. बरं, मी म्हणतो म्हणून नको. आता ही तुमचीच मुलगी आहे, हिला मी डोळे दिलेत म्हणून विचारतो." आणि तिच्याकडे वळून, "बघ गं सूक्ष्मदर्शकातून. तुला काही वेगळं दिसतंय?" ती वाकली. फळ तिथे होतं. चार उलटे दात तिथे होते, इतके स्वच्छ की मोजता यावेत. तिच्या पाठीमागे दोघे जण श्वास घेत होते. एकाच्या हातात तिला कायम करायचा कागद होता, पुढच्या महिन्याच्या एक तारखेचा. घरात कॉलेज झालेली ती पहिली. ती मान वर करून म्हणाली, "नाही सर. मला तर नेहमीचंच वाटतंय." बाबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते म्हणाले, "असेल साहेब. उन्हात डोळ्यांना भास होतात." पाकीट त्यांनी टेबलावरच राहू दिलं.

आणि संध्याकाळी दोघं बरोबर घरी आले, नेहमीसारखे, नेहमीच्या रस्त्याने. बाबा वाटेत म्हणाले की यंदा गुलाबांवर माव्याची कीड फार आहे. बस, तेवढंच. त्यानंतर बारा वर्षं नोकरीत, नोकरी सुटल्यावर दहा वर्षं घरात, मरेपर्यंत त्यांनी ती गोष्ट काढली नाही. एकदा ओरडले असते, एकदा म्हणाले असते की तुला दिसत होतं ना, तर ती रडली असती, माफी मागितली असती, भांडली असती तरी चाललं असतं. पण त्यांनी तिला ती संधीच दिली नाही. आणि आता, चौतीस वर्षांनी, मंगळवारच्या उजेडात, ते रोप सरांच्या तावावर, सरांच्या चिठ्ठीखाली, सरांच्या तारखेला, टाके घालून बसवलेलं होतं. तिने भिंग टेबलावर ठेवलं. राग म्हणजे काहीतरी गरम असतं असं तिला आजवर वाटत आलं होतं. हा गार होता, घशापासून बेंबीपर्यंत गार सळई घातल्यासारखा.

ती संशोधिकेच्या खोलीत गेली. "ही दोन रोपं एका दिवसाची नाहीत."

"तेही मी पाहिलंय," संशोधिका संगणकावरची नजर न काढता म्हणाली. "पण उगवायला मागेपुढे होतात ना. एखादं आधीच्या पावसात रुजलं असेल, एखादं नंतर. एकाच जागी फुलातलं आणि फळातलं सापडतं कधीकधी."

"दोन आठवड्यांचा फरक पडेल. दोन महिन्यांचा नाही. आणि हे बघ." तिने मुळ्याचं पान समोर ठेवलं. संशोधिकेने लाल शेरा वाचला, तारीख वाचली, चिठ्ठीवरची तारीख वाचली. तिच्या कपाळावर एक आठी आली आणि तशीच राहिली. नव्या जातीचा आधार म्हणून जो नमुना दाखवायचा तो एका वेळी, एका जागी गोळा केलेला लागतो. दोन वेळांचा माल एका तावावर असेल तर सगळं मुसळ केरात, हे तिला सांगावं लागलं नाही. "कुणी आणलं मग उजवीकडचं?" तिने विचारलं.

"मुख्य माळ्याने. माझ्या वडिलांनी. त्यांनी त्याच वर्षी सांगितलं होतं, वेगळी जात आहे म्हणून."

"सर असं का करतील?" संशोधिका म्हणाली, आणि मग जरा खालच्या आवाजात, "भिंगबाई, माझं कायम होणं या लेखावर आहे."

ते वाक्य ऐकून तिला असं चमत्कारिक हसू आलं की संशोधिका खुर्चीत मागे सरकली. "माझंही होतं," ती म्हणाली.

बुधवारी दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती सरांकडे गेली. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट बंद. दर जिन्याला तिने एकेक वाक्य पाठ केलं आणि पुढच्या जिन्याला ते फेकून दिलं. दार सरांच्या मुलीने उघडलं. ती साठीला टेकलेली, हातात औषधांचा डबा. सर गॅलरीत आरामखुर्चीत, पायांवर शाल, गुडघ्यांची हाडं शालीतून वर आलेली. चौऱ्याऐंशी वर्षं. कान तेवढे शाबूत. "ये, ये! चित्र काढतेयस ना माझं?" म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसले. "म्हणजे माझ्या नावाच्या त्या तणाचं. आयुष्यभर मोठमोठे वृक्ष वर्णन केले, आणि नाव लागलं कशाला, तर पायमोज्यांना चिकटणाऱ्या गवताला!"

ती बसली नाही. खुर्ची रिकामी होती, तरी उभीच राहिली, आणि उभी राहिल्यावर तिला कळलं की आपण बाबांसारख्या उभ्या आहोत. मग ती मुद्दाम बसली. पाकिटाचा कागद तिने त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं. रस्त्यावरून कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तिचा पीं-पीं आवाज संपला तसं त्यांनी लाल शेऱ्यावरून बोट फिरवलं.

"बरोबर होते माळीबुवा," ते शेवटी म्हणाले. "मला दुसऱ्याच वर्षी कळलं. एका जुन्या ग्रंथात आकड्यांची चित्रं बघताना."

"मग?"

"मग काय? सांगायला गेलो असतो तर काय सांगितलं असतं? माझ्या हातात असलेलं मला दिसलं नाही, माळ्याला दिसलं? मी तेव्हा नुकता संचालक झालो होतो. उद्या करू, परवा करू, असं म्हणता म्हणता..." त्यांनी हवेत हात फिरवला. "ताव नीट लावून ठेवला मी. फेकून दिला नाही. तेवढं तरी मान."

"तुमच्या चिठ्ठीखाली लावलात."

"त्यांच्या नावाची चिठ्ठी तेव्हा लावता येत नव्हती. पद्धत नव्हती." मग ते थांबले आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघत, तसंच मायेने, म्हणाले, "आणि खरं सांगू का? मी तुला विचारलं होतं. आठवतंय? तुझ्या डोळ्यांवर माझा विश्वास होता. तू म्हणालीस, नेहमीचंच आहे. तू जर तेव्हा म्हणाली असतीस की वेगळं दिसतंय, तर मी पुन्हा बघितलं असतं."

हे ते विसरले असतील असं तिने धरलं होतं. जिन्यांतल्या एकाही वाक्यात याचं उत्तर नव्हतं. तिच्या अंगातली ती गार सळई एकदम तापली. "मी खोटं बोलले," ती म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की आतून सरांची मुलगी दारात येऊन उभी राहिली. "मला दिसलं होतं. चारही दात दिसले होते. तुमच्या हातात माझा कागद होता आणि तुम्ही मला माझ्याच बापाविरुद्ध साक्षीला उभं केलंत. तेवीस वर्षांची होते मी. तुम्ही प्रश्न विचारलाच नव्हता सर, तुम्ही उत्तर विचारलं होतं."

"म्हणजे आपण दोघांनीही..." सर सुरुवात करत होते.

"दोघांनी नाही. दोघांनी म्हणू नका. माझं मी वेगळं बघेन. तुमचं तुम्ही बघा." तिने त्यांच्या मांडीवरून कागद उचलला. त्यांची बोटं क्षणभर त्याला धरून राहिली, मग सुटली. जिना उतरताना तिच्या डोक्यात एकच विचार घोंगावत होता: म्हातारा माणूस, आपण ओरडलो. लगेच दुसरा: ओरडलो ते कमीच. रस्त्यावर आल्यावर तिने उगीचच एका दुकानाच्या काचेत पाहिलं. सत्तावन्न वर्षांची, पिकलेल्या केसांची बाई, गळ्यात भिंग. हिने कुणाला कधी आवाज चढवून बोललेलं या शहरात कुणी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं सगळे म्हणत आले, किती शांत आहेत भिंगबाई. शांत! तिला त्या शब्दाचीच शिसारी आली.

गुरुवारी सकाळी संचालकांनी तिला आणि संशोधिकेला बोलावलं. आताचे संचालक म्हणजे गोड बोलणारे, कुणाला न दुखावता वर गेलेले गृहस्थ. त्यांच्या चेहऱ्यावर देवळातून आल्यासारखा भाव होता. "सरांचा फोन आला होता," ते म्हणाले. "ते म्हणतात, नव्या जातीला माझं नाव नको. माणसांची नावं देणंच त्यांना पटत नाही म्हणे. आकड्यांवरून नाव ठेवा म्हणाले. या वयात, हातात आलेला मान असा सोडून द्यायचा! केवढं मोठं मन! लेख छापून आल्यावरच्या समारंभात मी हे आवर्जून सांगणार आहे."

भिंगबाईच्या हातातला पेला टेबलावर आपटला; पाणी संचालकांच्या कागदांवर सांडलं. संशोधिका रुमाल काढायला धावली. "मोठं मन?" भिंगबाई म्हणाली. म्हणजे चोरी पकडली गेल्यावर माल परत करायचा आणि वर दानशूर म्हणवून घ्यायचं! चौतीस वर्षं त्यांनी बाबांचं रोप ठेवलं, आणि आता ते सोडतानाही नाव त्यांचंच होणार. सगळी हकीकत लिहून आणलेला कागद तिने पर्समधून काढला आणि ओल्या टेबलावर ठेवला. "वाचा हे."

संचालकांनी वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव हळूहळू ओसरला. "भिंगबाई, यात तर तुम्ही स्वतःबद्दलही..." त्यांनी कागद बोटाने दूर सारला. "नाव तर निघालंच. आता हे उकरून काय मिळणार? चौतीस वर्षांपूर्वीचं. दोन म्हातारी माणसं, त्यांतलं एक तर हयात नाही. आणि पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त होताय, सन्मानाने."

"नाव निघालं, पण उजवीकडच्या रोपावर अजून सरांचीच चिठ्ठी आहे."

"छापताना 'गोळा करणारा अज्ञात' असं लिहू की."

"अज्ञात?" ती म्हणाली. "नोकरी होती तोवर तुमच्या इमारतीला फुलं पुरवली त्यांनी. तुमच्या या टेबलावरचीसुद्धा. अज्ञात!" आणि ती उठून बाहेर आली.

मागून संशोधिका आली. व्हरांड्यात दोघी खिडकीशी उभ्या राहिल्या. संशोधिकेने ओला रुमाल पिळला. "मी रात्री परत मोजलं," ती म्हणाली. "डावीकडच्या रोपाला पिकलेलं एकही फळ नाही. जातीचं सगळं वर्णन मी उजवीकडच्यावरून केलंय. म्हणजे आधाराचा नमुना तोच. गोळा करणाऱ्याच्या जागी मी तुमच्या वडिलांचं नाव घालणार. लेख माझा आहे, संचालकांचा नाही." मग तिच्याकडे न बघता, "जातीलाही त्यांचं नाव दिलं असतं. पण चित्र तुमचं, नाव तुमच्या वडिलांचं, आणि हे सगळं बाहेर येणारच. लोक म्हणतील बाईंनी जुळवून आणलं. आकड्यांवरूनच ठेवते. चालेल?"

न चालायला काय झालं? तरी तिला त्याचाही राग आला, या पोरीच्या हिशेबी शहाणपणाचा. आणि लगेच कळलं की ही पोर तेवीस नसली तरी एकतीस वर्षांची आहे, हिचं कायम होणं अजून आत बसलेल्या संचालकांच्या हातात आहे, आणि ही 'नाही सर' म्हणायला निघाली आहे, वेगळ्या अर्थाने. तिने होकाराची मान डोलावली.

त्या संग्रहालयाचा एक नियम होता: तावावर एकदा चिकटवलेली चिठ्ठी कुणी काढायची नाही. चुकीची असली तरी नाही. पुढच्या माणसाने आपलं म्हणणं वेगळ्या चिठ्ठीवर लिहून शेजारी चिकटवायचं, सही-तारीख घालून. शुक्रवारी दुपारी तिने चिठ्ठी लिहिली. चार वेळा फाडली. पाचवी चिकटवली. डिंक वाळेपर्यंत ती त्यावर तळहात दाबून बसली होती. तिच्या बारीक, सरळ अक्षरांत लिहिलं होतं: 'उजवीकडचं रोप आणि पाकिटातली फळं या संस्थेच्या मुख्य माळ्याने बावीस मेनंतर, जूनमध्ये, रेल्वेच्या खडीतून गोळा केली. ही जात वेगळी आहे हे त्यांनी त्याच महिन्यात सांगितलं होतं. मी ते फळ त्या दिवशी पाहिलं, मला ते वेगळं दिसलं, आणि विचारल्यावर मी नाही म्हटलं.' खाली तिची सही. दोनशे वर्षांनी कुणी परका माणूस कपाट उघडेल आणि वाचेल. तिला वाटलं होतं, आता हलकं वाटेल. नाही वाटलं. नुसता हात दुखत होता.

शनिवारी ती आईकडे गेली. आई ऐंशीची, धाकट्या भावाकडे राहणारी. भाऊ-भावजय मुलांना घेऊन बाहेर गेलेले. आई जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. ती समोर बसली आणि सोलायला लागली, आणि दाण्यांकडे बघत बघत तिने सगळं सांगितलं: ताव, पाकीट, सर, संचालक, चिठ्ठी. आणि मग तेही सांगितलं, जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं: सूक्ष्मदर्शक, चार दात, 'नेहमीचंच'.

"मला माहीत आहे की," आई म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. तू कपडे बदलायला आत गेली होतीस. म्हणाले, पोरीला दिसलं होतं. ती वाकली तेव्हा तिची मान ताठ झाली, मला मागून कळलं. पण शहाणी आहे, नोकरी राखली म्हणाले. बरं झालं म्हणाले." आईने एक किडकी शेंग बाजूला टाकली. "त्या दिवशी जेवले मात्र नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. आणि मला बजावलं, तिला यातलं काही कळू देऊ नकोस, तिला लागेल."

तिचे हात थांबले. सगळं माहीत होतं त्यांना. मावा पडलेल्या गुलाबांबद्दल बोलले तेव्हा माहीत होतं. बावीस वर्षं, रोज सकाळी ती कामाला निघताना तिच्या डोक्यावर हात ठेवत, तेव्हाही माहीत होतं. तिचं खोटं त्यांनी तिच्या आधी माफ करून टाकलं होतं, तिला विचारलंसुद्धा नव्हतं, आणि एकट्याने उपाशी राहून त्याची किंमत भरली होती. तिला ओरडावंसं वाटलं, आणि ओरडायला समोर होती ती आई. "आणि तू? तूही नाही सांगितलंस? ते गेल्यावर तरी? बारा वर्षं झाली!"

"शब्द दिला होता."

"तुमच्या शब्दांच्या नावानं..." तिने हातातली शेंग टेबलावर टाकली. "कुणी विचारलं होतं तुम्हाला मला जपायला? मला भांडायचं होतं त्यांच्याशी. माझा हक्क होता तो. कुणीच भांडू दिलं नाही मला."

आईने तिच्याकडे पाहिलं, चष्म्याच्या जाड काचांतून, नीट, बऱ्याच दिवसांनी पाहावं तसं. मग उठली, टेबलाला धरत धरत ओट्याशी गेली, भात आणि आमटी वाढून ताट तिच्यासमोर आणून ठेवलं आणि पुन्हा मटारांपाशी बसली. ताटातून वाफ येत होती. भिंगबाई हाताची घडी घालून बसून राहिली. एक शेंग, दुसरी शेंग. दाणे पातेल्यात टपटपत होते.

"जेव," आई म्हणाली. "निवतंय."

"नाही निवत," ती म्हणाली. "इतक्यात नाही निवत, आई." आणि थोड्या वेळाने, राग तसाच ठेवून, तिने पहिला घास उचलला.